डाव्या पायाचे ठसे

आमच्या घरात पिक्चरचं वेड आईला होतं, दादांना अजिबात नव्हतं. वडिलांना आम्ही लहानपणापासून दादाच म्हणतो. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायचे. आमचं घर चुडाव्याला, परभणी-नांदेड गाडीच्या वाटेवर. आई अंगणवाडी सांभाळायची. दुपारी अंगणवाडी सुटली की ती हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसे, आणि त्यातही तिला रहस्याचा, भुताखेताचा हिंदी पिक्चर लागलेला असला की फार बरं वाटे. तिच्या सोबतीला दोघी ठरलेल्या होत्या. एक शेजारच्या काकू, ज्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात फक्त कुडाची भिंत आहे. दुसऱ्या समोरच्या मावशी. या दोघी तुरीच्या शेंगा सोलत, नाहीतर वाती वळत बसायच्या आणि मधेच हातातलं काम विसरून पदर तोंडाशी धरायच्या.

सुट्टीच्या दिवशी, आणि निवृत्तीनंतर रोजच, दादा तेव्हा ओट्यावर पेपर वाचत असत. भूत या शब्दाशी त्यांचं जुनं वैर होतं. शाळेत ते दरवर्षी मुलांना जिभेवर कापूर जाळून दाखवायचे, नारळातून धूर काढून दाखवायचे आणि नंतर प्रत्येक गोष्टीचं कारण फळ्यावर लिहून द्यायचे. त्यामुळे आतून टीव्हीवर दार करकरल्याचा आवाज आला की ते बाहेरून म्हणत, "बिजागरीला तेल घाला म्हणावं." आई आतून म्हणे, "तुमी पेपर वाचा." या दोन वाक्यांवर आमच्या घराची दुपार चालायची.

आई गेली आणि ते सगळं थांबलं. काकू आणि मावशी सुरुवातीला रोज यायच्या, भाजी-भाकरी द्यायच्या, दारातूनच चौकशी करून परत जायच्या. पुरुषमाणूस एकटं असलेल्या घरात बसायचं कसं, हा त्यांचा संकोच मला समजत होता. आईची एक जुनी ओढणी कोणीतरी धूळ बसू नये म्हणून टीव्हीवर टाकली होती, ती तशीच राहिली. मी परभणीला नोकरी करते. रोज संध्याकाळी फोन करायचे. "जेवलात का?" "जेवलो." "काय केलं दिवसभर?" "काय करायचं." एवढ्यावर फोन संपे. मी त्यांना परभणीला या म्हणायचे, तर ते म्हणायचे, "तिथं काय करू?"

चष्म्याचा नंबर बदलला म्हणून एका शनिवारी मी त्यांना हट्टाने बोलावून घेतलं. सकाळच्या पॅसेंजरने आले. डोळे तपासून झाले, दुकानदाराने दुपारपर्यंत नवा चष्मा बनवून दिला. तो घालून दादा रस्त्यात उभे राहिले आणि समोरच्या दुकानाच्या पाट्या एक एक करून वाचायला लागले. त्यात टॉकीजचं पोस्टर होतं. काळोखातला बंगला, पायऱ्यांवर पाणी आणि कंदील घेतलेली एक बाई. दादा त्या पोस्टरकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही असती तर हट्ट करून गेली असती."

"मग आपण जाऊ या," मी म्हणाले. "गाडीला वेळ आहे अजून."

ते नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "चल."

पिक्चरचं नाव मी सांगत नाही. नट मोठा होता, गाणी आधीच गाजत होती आणि टॉकीज निम्म्याहून जास्त भरलेलं होतं. सुरुवात खरोखर चांगली होती. डोंगरात एक धरण, धरणावर एक जुना डाक बंगला. तिथे मुक्कामाला आलेली माणसं नाहीशी होतात. माणूस जातो आणि मागे फरशीवर ओल्या पावलांचे ठसे राहतात. तार तुटलेला टेलिफोन वाजतो. नाहीशा झालेल्या एका इंजिनिअरची बहीण भावाला शोधत तिथे येते, तिच्यासोबत हिरो असतो. बंगल्यात एक म्हातारा चौकीदार आणि त्याची अबोल बायको. ही बायको पहिल्या अर्ध्या तासात एकदाच दिसते, चहाचा ट्रे ठेवून दाराआड जाते.

मी घाबरले, हे कबूल करते. शेजारी दादा मात्र पुढे वाकून, दोन्ही हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून बसले होते. परीक्षेत सुपरव्हिजन करताना ते असेच बघायचे.

इंटर्वलला दिवे लागले. मी समोसे आणले. दादांनी समोसा हातात घेतला आणि तो तसाच धरून म्हणाले, "बाई, तू बघितलं का? सगळे ठसे डाव्या पायाचे हायेत."

मी बघितलं नव्हतं.

"सगळे. पायरीवरचे, खोलीतले, व्हरांड्यातले. उजवा एकबी न्हाई. आणि प्रत्येक ठशाच्या बाजूला एक बारीक गोल डाग हाय. भूत हवेत चालतं म्हणतात, मग ह्याला टेकायला कामून लागतं? हे भूत न्हाई. एका पायाचं माणूस हाय, कुबडी घेऊन चालतंय."

"कोण असेल?"

"चौकीदाराची बायको. ती एकदाच दिसली, तेबी दाराआड. कमरेखाली तिला दाखवलंच न्हाई. उगीच दाखवायचं टाळत न्हाईत."

त्यांचे डोळे नव्या काचांमागे चमकत होते. इतकी वाक्यं एका दमात मी त्यांच्याकडून कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. समोसा थंड झाला. मी म्हणाले, "दादा, खा आधी." ते म्हणाले, "ज्यानं हे लिहिलंय तो हुशार माणूस हाय."

मग इंटर्वल संपला आणि तो हुशार माणूस बहुधा घरी निघून गेला. त्यानंतर जे सुरू झालं ते मी थोडक्यात सांगते. अंगाला राख फासलेला एक बाबा आला आणि त्याने पुनर्जन्माची गोष्ट सांगायला घेतली. ती सांगता सांगता एक गाणं झालं, त्यात हिरो आणि हिरोईन मागच्या जन्मीच्या कपड्यांत नाचले. भावाचा शोध सगळे विसरले, बहीणसुद्धा विसरली. टेलिफोन का वाजत होता ते कोणीच सांगितलं नाही. मी अंधारात दादांकडे बघत होते. ते हळूहळू मागे टेकत गेले, मग त्यांनी हाताची घडी घातली. शेवटी भूत आलं. पांढरी साडी, मोकळे केस, आणि ते पाण्यातून चालत, चांगलं ठाम पावलं टाकत पायऱ्या चढून वर आलं.

दादा उठून उभे राहिले. टॉकीजमध्ये शांतता होती. वर्गात बोलायच्या आवाजात ते म्हणाले, "हिला तर दोन पाय हायेत."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, मग आणखी चारजण हसले, आणि बघता बघता सगळं टॉकीज हसायला लागलं. पडद्यावर भूत हिरोला छताला फेकत होतं आणि लोक पोट धरून हसत होते. मी दादांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं. ते अजिबात हसत नव्हते.

मी त्यांना सोडायला चुडाव्यापर्यंत गेले, रविवारी मला सुट्टी होती. गाडीत बसल्यापासून ते बोलत होते. पिंगळी गेलं, मिरखेल गेलं, पूर्णेला गाडी नेहमीसारखी रेंगाळली, तरी त्यांचं चालूच होतं. उदाहरणात दिलेली माहिती वापरायचीच नसेल तर द्यायची कशाला, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. "पोरांनी असं गणित सोडवलं असतं तर मी भोपळा दिला असता."

"दादा, ते गोल डाग शूटिंगच्या लाईटच्या स्टँडचे असतील," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू माझ्यासाठी ज्वारीची गरम भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "काल लय उशीर केला गं तुमी. दवाखान्यात गर्दी व्हती का?"

"पिक्चरला गेलो होतो," दादाच म्हणाले.

काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "गुरुजी, तुमी? पिक्चरला?"

"भुताच्या."

काकूंनी भाकरीचं ताट माझ्या हातात दिलं आणि समोरच्या मावशींना हाक मारली. मावशी ओल्या हातांनी आल्या. दोघी ओट्याच्या पायरीवर बसल्या. दादा खुर्चीवर. "सांगा की मग," मावशी म्हणाल्या.

दादांनी सांगायला सुरुवात केली आणि मला माझं लहानपण आठवलं. ते शिकवताना असेच सांगायचे, घाई न करता, एक एक वस्तू आधी जागेवर ठेवून. धरण कुठे, बंगला कुठे, टेलिफोन कुठल्या भिंतीला. ओल्या पावलांपाशी आले तेव्हा त्यांनी अंगणात तांब्याने पाणी शिंपून आपला डावा पाय उमटवून दाखवला. मावशींनी पदर तोंडाशी धरला. येणारे-जाणारे थांबायला लागले.

इंटर्वलपर्यंतची गोष्ट झाली. दादांनी माझ्याकडे बघितलं. आता बाबा आणि पुनर्जन्म येणार म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले, "मग त्या बहिणीनं काय केलं, फरशीवर पीठ पसरलं."

पिक्चरमध्ये पीठ नव्हतं.

पिठावर सकाळी पायाचा ठसा उमटला आणि शेजारी कुबडीचा. तो ठसा धरून बहीण चौकीदाराच्या खोलीपर्यंत गेली. चौकीदाराच्या बायकोचा पाय धरणाच्या कामावर सुरुंग उडाला तेव्हा गेला होता. ठेकेदाराने भिंतीत खराब माल वापरला होता. जो इंजिनिअर तपासायला येई आणि भेगा बघे, त्याला ठेकेदाराची माणसं मारून बंगल्याच्या पाण्याच्या टाकीत टाकत. नवरा भीतीने गप्प होता. ही बाई बोलू शकत नव्हती, पण तिला सगळं ठाऊक होतं. म्हणून ती रोज पाण्याच्या टाकीपासून खोलीपर्यंत ओल्या पायाने चालायची. कोणीतरी ठसे उलट्या दिशेने बघत बघत टाकीपर्यंत जाईल, झाकण उघडेल, या आशेवर. लोक मात्र ठसे बघून पळून जायचे.

"सगळे पुढं बघत व्हते, ठसे कुठं गेले म्हणून," दादा म्हणाले. "आले कुठून ते कुणी बघितलंच न्हाई. बहिणीनं बघितलं."

ओट्यासमोर पंधरा-वीस माणसं जमली होती आणि कोणी हलत नव्हतं. काकूंनी डोळे पुसले. "बिचारी," त्या म्हणाल्या. "रोज चालायची म्हणा की एका पायावर."

सगळे गेल्यावर मी म्हणाले, "दादा, असं नव्हतं की हो शेवटी."

"असायला पायजे व्हतं," ते म्हणाले आणि भाकरी खायला बसले. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

पुढच्या आठवड्यात काकू आणि मावशी गावातल्या एका लग्नाचा बस्ता बांधायला परभणीला आल्या. संध्याकाळी माझ्या घराची बेल वाजली. दारात दोघी उभ्या, हातात पिशव्या आणि चेहऱ्यावर राग.

"या, बसा ना," मी म्हणाले. "काय झालं?"

"तुज्या बापानं फसवलं आमाला," काकू म्हणाल्या.

बस्त्याचं काम लवकर उरकून दोघी तो पिक्चर बघायला गेल्या होत्या. चौकीदाराच्या बायकोसाठी गेल्या होत्या. ती चहा देऊन गेली ती पुन्हा आलीच नाही. दोघी शेवटपर्यंत तिची वाट बघत बसल्या.

"पीठ न्हाई, ठेकेदार न्हाई, काईच न्हाई," मावशी म्हणाल्या. "मी आपली म्हणायलेय, आता येईल, आता येईल. आन तो राखुंड्या बाबाच बोलायलाय."

"आन भुताला दोन पाय," काकू म्हणाल्या.

मला हसू आवरेना. मी चहा ठेवला, आणि चहा होईपर्यंत त्यांना खरं काय ते सांगितलं. इंटर्वलनंतरचं सगळं दादांनी आपल्या मनाने रचलं होतं. दोघी ऐकत राहिल्या. काकूंचा राग उतरत गेला. कप हातात घेऊन त्या म्हणाल्या, "म्हणजे ती बाई गुरुजींच्या मनातली?"

"हो."

"मंग टाकीजवाल्यांचंच चुकलं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादांचा फोन आला. एरवी फोन मी करायचे, त्यांचा आपणहून कधी येत नसे. मी घाबरतच उचलला.

"तू सांगितलंस का त्यांना?"

"हो. चिडल्यात का?"

"आत बसायल्यात." त्यांचा आवाज हळू होता. "टीव्हीवरची ओढणी तुज्या काकूनं काढली. घडी घालून माज्या हातात दिली. म्हणली, गुरुजी, आता तुमी आमाला एक चांगला लावून द्या, न्हाईतर वाईट लावून पुढचं तुमी सांगा. मला तर ते रिमोटचं काही कळंना."

मी त्यांना फोनवर कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं. पलीकडून एक दार करकरल्याचा आवाज आला, मग कोणीतरी बाई किंचाळली, आणि मावशी म्हणाल्या, "हे राहू द्या, हेच."

त्यानंतर ते रोजचं झालं. दार सताड उघडं, दादांची खुर्ची उंबऱ्याजवळ, दोघी आत. जाहिराती लागल्या की दादांना पुढचं सांगावं लागे. ते सगळे पुरावे मांडून खुनी कोण ते सांगत, आणि बहुतेक वेळा चुकत, कारण पुढे पिक्चरवाले कसलाही पुरावा वापरत नसत. याचा त्यांना खरोखर त्रास व्हायचा. मग ते मला फोन करून तक्रार करायचे. मी संध्याकाळी फोन करायची गरजच उरली नाही.

उन्हाळ्यात मी चार दिवस रजा काढून राहायला गेले. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. विहारात वंदना आणि घरी जेवण, एवढाच कार्यक्रम ठरला होता. काकू आणि मावशी आदल्या दिवसापासून स्वयंपाकाच्या तयारीला आल्या. डाळ निवडता निवडता काकूंचं आणि दादांचं पिक्चरवरूनच काहीतरी चाललं होतं. दादा म्हणाले, "मी एवढा इचार करून सांगतो आन चुकतो. हिचं बरोबर यायचं. बसल्या बसल्या सांगायची, हा खुनी म्हणून. कसं ओळखायची कोण जाणे."

"ओळखायची कशाची," काकू म्हणाल्या. "टीव्हीवर एकच पिक्चर दहादा लागतो. तिनं आधी बघितलेला असायचा."

दादा बघतच राहिले. मावशी हसायला लागल्या. "गुरुजी, आन तुमी शाळेत असायचे तवा लाईट जायची ना रोज दुपारी? अर्ध्यात पिक्चर जायचा. मंग पुढचं तीच सांगायची आमाला. मनानंच. लय झाक सांगायची."

"आमी कितीदा म्हणलं," काकू म्हणाल्या, "लाईट आली न्हाई तेच बरं झालं."

दादांनी हातातलं डाळ निवडायचं सूप खाली ठेवलं. इतक्या वर्षांत त्यांना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही दोघंही दुपारी शाळेत असायचो. ते म्हणाले, "काय सांगायची? एखादी आठवते का?"

मावशी आठवायला लागल्या. एका विहिरीची गोष्ट त्यांना अर्धी आठवत होती, उरलेली काकूंना आठवत होती, आणि मधला एक भाग दोघींनाही आठवत नव्हता. दोघी एकमेकींना दुरुस्त करत सांगत राहिल्या. त्या गोष्टीत एक सासू होती, ती हुबेहूब माझ्या आजीसारखी बोलायची. दादांनी मधे एकदाही शंका काढली नाही, कारण विचारलं नाही. विहिरीतून आवाज कसा येत होता हे त्यांनी त्या दिवशी तसंच जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, गावातली माणसं जेवून गेली. दुपारी सगळं आवरल्यावर दादा मला म्हणाले, "नांदेडला एक नवीन लागलाय म्हणतात. भुताचाच हाय. ह्या दोघी जाऊ म्हणायल्यात. तू येतीस का?"

"चांगला आहे का?" मी विचारलं.

"वाईट हाय म्हणतात," दादा म्हणाले. "मी चौघांची तिकिटं काढायला सांगितलीत."

आम्ही पुढच्या दिवशी पॅसेंजरने गेलो. तो पिक्चर खरंच वाईट होता; सुरुवातीला भिंतीवरचा एक आरसा पुन्हा पुन्हा दाखवला होता, त्याचं पुढे काहीच झालं नाही. परतीच्या गाडीत खिडकीजवळ मावशी, त्यांच्या शेजारी काकू, आणि समोर दादा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. गाडी नांदेडच्या बाहेर पडली तेव्हा ते म्हणाले, "आता त्या आरशाचं बघा," आणि आजूबाजूच्या बाकांवरची माणसंसुद्धा आमच्याकडे वळून बसली.